पातं सरळ चालेल असा बँडसॉ

छोट्या सुतारखान्यासाठी पहिलं मोठं मशीन कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं की मी बँडसॉ सांगतो, म्हणजे वर-खाली बसवलेल्या दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यासारख्या पात्याची करवत. मुंबईत तर नक्कीच. इथे गाळ्याचं भाडं चौरस फुटावर भरायचं असतं आणि बँडसॉ दोन-अडीच फुटांच्या चौकोनात उभा राहतो. शिवाय आपल्याकडे मुरलेलं सागवान बरंचसं येतं ते जुन्या चाळी आणि वाडे पाडल्यावर निघालेल्या वाशांमधून. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात फिरून आलात तर असे वासे, चौकटी, तुळया बघायला मिळतील. त्यांतून फळ्या काढायच्या तर बँडसॉइतकं काटकसरी मशीन दुसरं नाही.

काटकसर किती, ते हिशोबानेच पाहू. समजा सहा इंच रुंद आणि तीन इंच, म्हणजे साधारण ७५ मिमी, जाड वाशाच्या पाच फळ्या करायच्या आहेत. त्यासाठी चार चिरा लागतील. गोल पात्याची कटर मशीन एका चिरेत साधारण ३ मिमी लाकडाचा भुसा करते. चार चिरांत १२ मिमी गेले, फळी उरली साडेबारा मिमीची. बँडसॉचं पातं १.२ मिमीच्या आसपास खातं, म्हणजे चार चिरांत पाचएक मिमी. फळी मिळते १४ मिमीची. दोन्ही बाजूंनी रंधा मारून झाला तरी ती बारा मिमी, जवळपास चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), भरते. गोल पात्यातून आलेली फळी रंध्यानंतर साडेदहावर येते. घनफुटाच्या भावाने घेतलेल्या जुन्या सागवानात हा फरक सोडून देण्याजोगा नाही.

तरीही बँडसॉ घेऊन पस्तावलेले लोक भेटतात. चीर वाकडी जाते, फळी मधोमध फुगते, पातं तुटतं, आणि सगळा दोष मशीनवर जातो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. पातं चुकीचं असतं, किंवा बोथट असतं, किंवा बसवलेलं नीट नसतं. हे पात्याचं यंत्र आहे. चाकं, मोटर, चौकट, गाईड (पात्याला बाजूंनी आणि मागून आधार देणारे भाग) ही सगळी मंडळी त्या पात्याला सरळ आणि ताठ धरण्यासाठी आहेत. एवढं लक्षात ठेवलं की खरेदी, जुळवणी, देखभाल या तिन्ही गोष्टी सोप्या होतात.

या यंत्राचा इतिहासही पात्यापाशीच अडला होता. विल्यम न्यूबरी या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बँडसॉचं पेटंट घेतलं, पण पात्याची दोन टोकं जोडून सारखं चाकांवर वाकत राहील आणि तरी तुटणार नाही असा सांधा कुणाला जमेना. तो जमवण्याचं श्रेय १८४६ मध्ये पेटंट घेणाऱ्या ॲन पॉलिन क्रेपां या फ्रेंच स्त्रीला जातं. त्यानंतर कुठे हे मशीन कारखान्यांत रुळलं. सांधा आजही नाजूकच जागा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

कोणतं मशीन घ्यायचं

बँडसॉचं माप चाकाच्या व्यासावरून सांगतात. १४ इंची मशीनमध्ये चाक १४ इंचांचं, आणि पातं ते मागचा खांब यांमधली जागा त्याहून जराशी कमी. पण आपल्या कामाला दुसरं माप जास्त महत्त्वाचं आहे: टेबलापासून वरचं गाईड किती उंच जातं, म्हणजेच किती रुंद लाकूड उभं चिरता येतं. बाकावर ठेवायच्या ९-१० इंची मशीनमध्ये ही उंची चार-पाच इंचांच्या घरात असते. खेळणी, चमचे, लहान डबे, नक्षीची कामं यांना ती पुरते, सहा इंची वासा त्यात मावत नाही. जुन्या धाटणीच्या ओतीव लोखंडी १४ इंची मशीनला सहा इंच उंची मिळते, आणि खांबात जोड-ठोकळा टाकून ती बारापर्यंत नेता येते. पोलादी पत्र्याची पेटीसारखी चौकट असलेल्या नव्या १४ इंची मशीनमध्ये बऱ्याचदा दहा-बारा इंच उंची मुळातच असते. जुनं सागवान चिरायचं असेल तर मी पत्र्याच्या पेटीवालं घ्या म्हणेन. ती चौकट पात्याचा ताण न वाकता सोसते, आणि ताण हाच तर सरळ चिरेचा जीव.

मोटर उंचीला साजेशी हवी. सहा इंचांपर्यंत एक ते दीड अश्वशक्ती चालते. दहा-बारा इंच सागवान किंवा शिसम चिरायचं तर दोन अश्वशक्तीच्या खाली उतरू नका. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर भारावर नऊ-दहा अँपिअर ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चांगलं अर्थिंग, आणि मोटरला चालेल असा एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. लांबलचक बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे मशीन चालवू नका. परदेशातून आलेलं जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर त्याच्या मोटरवरची पाटी वाचा. ११० व्होल्टची मोटर इथे थेट चालणार नाही, आणि ६० हर्ट्झवरची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरेल. १४ इंची मशीनचं पातं लाकडासाठी मिनिटाला साधारण ९०० मीटर धावावं अशी अपेक्षा असते.

जुनं मशीन बघायला गेलात तर रंगाकडे बघू नका. दार उघडून चाकं हाताने फिरवा. चाक डगमगतं का, बेअरिंग खरखरतं का, चाकावरचं रबर तडकलंय का, ताण देणाऱ्या स्क्रूचे आटे झिजलेत का, ते तपासा. मग लोक सहसा करत नाहीत ती तपासणी करा: वरच्या गाईडचा खांब पूर्ण खाली आणा, गाईड पात्याला नुसतं लागेल न लागेल असं जुळवा, आणि खांब पूर्ण वर न्या. तो पात्याला समांतर वर गेला पाहिजे. वर जाताना गाईड पात्याला ढकलत असेल किंवा लांब जात असेल, तर लाकडाची उंची बदलेल तेव्हा तुम्हाला सगळं पुन्हा जुळवावं लागेल. माल वर न्यायची सोयही विचारून ठेवा. १४ इंची मशीनचं वजन सहज ८० ते १०० किलोपर्यंत जातं, आणि पहिल्या मजल्यावरच्या गाळ्याला मालाची लिफ्ट असतेच असं नाही.

पैसे देण्याआधी एक कागदी काम करा. महाराष्ट्रात आरागिरण्यांना वनखात्याचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून हे नियंत्रण कडक झालं, आणि लाकडावर चालणाऱ्या उद्योगांच्या नियमांत बँडसॉचा नावानिशी उल्लेख येतो. तुम्ही ओंडके चिरणार नसाल, फक्त फर्निचर करणार असाल, तरी आपल्या भागाच्या वनविभागाच्या कार्यालयात गाळ्याचा पत्ता, मशीनचं माप आणि कामाचं स्वरूप लिहून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. लाकूड खरेदीची बिलंही फाइल करून ठेवा. हे टाळून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पातं

पात्याची निवड तीन गोष्टींवर ठरते: रुंदी, इंचामागे दात, आणि जाडी.

रुंद पातं सरळ चालतं, अरुंद पातं वळतं. दोन सुती, म्हणजे पाव इंची, पातं साधारण १६ मिमी त्रिज्येचं वळण घेतं. तीन सुतीला सदतीसएक मिमी लागतात, चार सुतीला चौसष्ट. खुर्चीची पाठ, वळणदार पाय, गोल पाट यांना दोन किंवा तीन सुती ठेवा. फळ्या काढायला चार सुती. काही जण १४ इंची मशीनवर सहा सुती पातं चढवतात, कारण मशीनच्या माहितीपत्रकात तेवढी रुंदी लिहिलेली असते. ते चढतं खरं, पण एवढ्या रुंद पात्याला लागणारा ताण लहान चौकटीला आणि तिच्या स्प्रिंगला बहुधा देता येत नाही. ताणलेलं चार सुती पातं ढिल्या सहा सुतीपेक्षा नेहमीच सरळ चालतं.

दातांचा नियम सोपा आहे. कापताना लाकडात एका वेळी निदान तीन दात असावेत, सहा ते बारा असले तर उत्तम, आणि पंचवीसच्या वर जाऊ नयेत. सहा सुती प्लायवर इंचाला तीन दातांचं पातं लावलं तर दोनच दात लाकडात राहतात, कड फाटते. उलट सहा इंच सागवानात इंचाला दहा दात लावले तर साठ दात एकाच वेळी लाकडात. भुसा साठायला दातांमधल्या खाचा पुरत नाहीत, पातं तापतं, लाकूड काळं पडतं आणि चीर भरकटते. म्हणून वासे चिरायला इंचाला तीन दात, पुढे झुकलेले आणि लांब लांब बसवलेले. रोजच्या फळी-प्लायच्या कामाला सहा ते दहा. घाईने दाबून लाकूड ढकलावं लागत असेल तर शक्ती कमी आहे असं मानण्याआधी इंचामागचे दात मोजा.

जाडीबद्दल एवढंच, की जाड पातं लहान चाकावर वाकून वाकून लवकर तडकतं. १४ इंची चाकाला ०.६ मिमीच्या आसपासचं ठीक. ०.९ मिमीचं मोठ्या चाकांसाठी असतं.

साधं कार्बन पोलादाचं पातं स्वस्त पडतं आणि शिकायला तेच चांगलं. पण सागवानात सिलिका असतं, ते धार फार लवकर खातं. रोज सागवान चिरणार असाल तर बाय-मेटल, म्हणजे कडक पोलादाचे दात आणि लवचिक पोलादाची पाठ असलेलं, पातं घ्या, महाग वाटलं तरी टिकून पैसे वसूल करतं. नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात चौकशी केलीत तर गुंडाळीतून लांबीप्रमाणे पट्टा तोडून सांधा मारून देणारे भेटतात. दुकानदार आधी लांबी विचारेल. ती काढायची अशी: ताणाचा स्क्रू मध्यावर ठेवून दोन चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा, त्याची दुप्पट करा, त्यात चाकाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा. १४ इंची मशीनवर हे अंतर पावणेपंचवीस इंच असलं तर लांबी साडेत्र्याण्णव इंच येते. पातं हातात आल्यावर दुकानातच सांध्याच्या पाठीवरून बोट फिरवा. तिथे पायरी लागली किंवा दोन टोकं एका रेषेत नसली तर बदलून मागा. असा सांधा प्रत्येक फेरीला मागच्या बेअरिंगवर टक टक आपटतो, आणि पातं तिथेच तुटतं.

बसवणं आणि जुळवणं

जुळवणीचा क्रम मोडू नका. आधी प्लग काढा. सगळी गाईडं, वरची आणि टेबलाखालची, पात्यापासून लांब सारा. गाईडं जवळ ठेवून पातं चढवलं तर पातं चाकांवर कुठे धावतंय हे खरं कळतच नाही, गाईड त्याला जबरदस्तीने धरून ठेवतात.

पातं चढवा, दात तुमच्याकडे आणि खाली तोंड करून. ताण द्या. मशीनवरच्या ताणाच्या आकड्यांवर विसंबू नका, स्प्रिंग थकते आणि आकडे तेच राहतात. गाईड उंच असताना पात्याच्या मधल्या भागावर बोटाने बाजूने दाबा. बेताच्या जोराने साधारण दोन सूत सरकलं तर ठीक, लोंबकळलं तर कमी. मग वरचं चाक हाताने फिरवत मागच्या खुंटीने त्याचा झुकाव बदला. चाक फिरत राहिलं पाहिजे, दोन-चार फेऱ्यांनंतरच पातं नव्या जागी स्थिरावतं. दातांमधल्या खाचेचा तळ चाकाच्या मध्यावर येईल असं पातं बसवा. यावर अनेकांची मतं वेगळी आहेत, कुणी पात्याचा मध्य चाकाच्या मध्यावर आणायला सांगतात. मला खाचेचा तळ मध्यावर ठेवल्यावर चीर सरळ जाते असं दिसलं आहे. दात ओढले जातात ती जागा अशी चांगली ताणली जाते.

त्यानंतर गाईड. मागचं बेअरिंग पात्याच्या पाठीपासून अर्ध्या मिमीहून कमी अंतरावर ठेवा. कापत नसताना ते फिरता कामा नये, लाकूड लागताच फिरलं पाहिजे. बाजूची गाईडं खाचांच्या किंचित मागे आणा. दातांवर आली तर दातांचा डावी-उजवीकडचा वाक चेपला जाईल आणि पातं एका मिनिटात वाया जाईल. अंतर एका कागदाएवढं: दोन्ही बाजूंना कागदाची पट्टी घालून गाईडं जवळ आणा, घट्ट करा, कागद काढून घ्या. टेबलाखालच्या गाईडांचंही हेच. ती दिसत नाहीत म्हणून राहून जातात, आणि पातं खाली भरकटतं ते त्यामुळेच.

टेबल पात्याला काटकोनात आहे का, ते गुण्या लावून बघा, मात्र गुण्या दातांना टेकवू नका. खात्री करायची याहून चांगली रीत अशी. तीन-चार इंच उंच ठोकळ्यात थोडीशी चीर घ्या. मशीन बंद करा, पातं थांबू द्या. ठोकळा उलटा करा, म्हणजे टेबलावरची बाजू वर येईल, आणि ती चीर मागच्या बाजूने पात्यावर सरकवा. सहज बसली तर टेबल काटकोनात. अडली तर टेबलाचा स्क्रू सोडा आणि अडतंय त्या अंतराच्या निम्म्याने दुरुस्त करा.

आता फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ पट्टी. पात्याला अनेकदा जराशी एका बाजूला ओढ असते आणि फेन्स टेबलाच्या कडेला समांतर ठेवली की फळी फेन्सपासून सुटते किंवा तिच्यावर चेपते. फूटभर लांब, सरळ कडेची वाया गेलेली पट्टी घ्या. कडेला समांतर पेन्सिलीची रेघ ओढा. फेन्स न लावता, मोकळ्या हाताने रेघेवरून कापायला लागा. कापताना हाताला कळेल की रेघेवर राहायला पट्टी थोडी तिरकी धरावी लागते. अर्ध्यावर गेल्यावर पट्टी तशीच धरा, दुसऱ्या हाताने मशीन बंद करा, पातं थांबू द्या. पट्टी हलू न देता तिच्या कडेला लागून टेबलावर पेन्सिलीने रेघ मारा. फेन्स त्या रेघेला समांतर लावा. पातं बदललं की हे पुन्हा करायचं. मात्र पट्टी खूप तिरकी धरावी लागत असेल तर फेन्स वळवत बसू नका: पात्याची एका बाजूची धार गेली आहे.

जुनं लाकूड मशीनवर चढवण्याआधी एक काम राहिलं. चाळीच्या वाशात तुटलेले खिळे खोल रुतलेले असतात. वरून फक्त काळा डाग दिसतो, कारण सागवानातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं. असा डाग दिसला की पटाशीने उकरून बघा. चारी बाजूंवरून चुंबक फिरवा. खिळ्याचा पत्ता त्यावरून लागतो. मग एक बाजू आणि एक कड रंध्याने सपाट करून, गुण्यात घेऊन, तीच बाजू फेन्सला लावायची. वाकडी बाजू फेन्सला लावून सरळ फळी निघत नाही.

चालवताना

बँडसॉ लाकूड खाली टेबलावर दाबतो, कटर मशीनसारखं अंगावर फेकत नाही. म्हणून तो सौम्य वाटतो, आणि त्याचमुळे लोक बोटं जवळ नेतात. वरचं गाईड लाकडाच्या वर दोन सुतांपेक्षा जास्त ठेवू नका. चिरेच्या रेषेत अंगठा नको, शेवटचे दोन-तीन इंच ढकलायला लाकडी काठी वापरा. हातमोजे घालू नका. गोल दांडा नुसता हातात धरून कापू नका, तो गर्रकन फिरतो आणि बोटं आत ओढतो. त्याच्यासाठी व्ही आकाराची खाच पाडलेला ठोकळा करून घ्या.

भुशाबद्दल आपल्याकडे फार हयगय होते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक मानते. बंद गाळ्यात भुसा ओढणारं यंत्र टेबलाखालच्या तोंडाला जोडा आणि तोंडावर एन-९५ मास्क ठेवा. कारागीर ठेवणार असाल तर त्यालाही द्या, आणि तो वापरतोय ना ते बघा.

मुंबईच्या हवेत सांभाळणं

काम संपलं की ताण सैल करा. ताणलेलं पातं दिवसेंदिवस राहिलं तर चाकावरच्या रबराला चपटा खड्डा पडतो आणि स्प्रिंगही थकते. ताण सोडलाय हे स्वतःला आणि दुसऱ्याला कळावं म्हणून स्विचवर पाटी लावा.

खालच्या चाकाचं रबर आठवड्याला बघा. सागवानाचं तेल आणि पाइनचा चीक भुशाला धरून रबरावर थर बसवतात. थर सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे पातं पुढे-मागे डुलायला लागतं आणि माणूस उगाच गाईड पिळत बसतो. लाकडाच्या पट्टीने थर खरवडून काढा. चाकाला घासेल असा ताठ केसांचा ब्रश आत बसवून टाकला तर फारच बरं. पात्यावरचा चीक घासलेटाने भिजवलेल्या फडक्याने, मशीन बंद करून, पातं उतरवून पुसा.

समुद्राकडची हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल ओतीव लोखंडाच्या टेबलाला चार दिवसांत गंज चढवते. मे महिन्यातच टेबल बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, घट्ट मेण चोळा आणि कापडाने चमकवा. मेणामुळे लाकूडही सहज सरकतं. तेल लावू नका, ते लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. पावसाळ्यात टेबलावर ओलं फडकं, चहाचा कप, नुकतंच आणलेलं ओलं लाकूड ठेवू नका. जादा पाती मात्र तेलाचा हात फिरवून, गुंडाळून, भिंतीपासून लांब टांगा. लावताना तेल पुसून घ्या.

पातं बोथट झाल्याची खूण म्हणजे भुसा. चांगलं पातं दाणेदार भुसा काढतं, बोथट पातं पिठासारखा. हात जास्त जोर लावायला लागला, फळी मधोमध फुगायला लागली, की पातं उतरवा. एक तयार पातं नेहमी टांगलेलं असू द्या, म्हणजे बोथट पात्यावर आणखी एक वासा ओढायचा मोह होत नाही.

आणि चालत्या मशीनमधून नवीन, नेमाने येणारी टक टक ऐकू आली, तर ते दातांमधल्या खाचेतून निघालेल्या तड्याचं किंवा उघडू लागलेल्या सांध्याचं लक्षण असतं. लाकूड आहे तिथेच सोडा, स्विच बंद करा, बाजूला व्हा. चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचं नाही.